बॅटरीचे नियम कडक झाले, पण चाचणीचा खर्च कुणी सोसायचा?

भोसरीकर: 2022 च्या उन्हाळ्यात ई-स्कूटर पेटल्या आणि सरकारने एआयएस-156 हे बॅटरीचं मानक कडक केलं. पहिला टप्पा 1 डिसेंबर 2022 ला, दुसरा 31 मार्च 2023 ला. भोसरीत माझं छोटं युनिट आहे, सुटे सेल जोडून बॅटरीचे पॅक बनवायचं. एक सेल पेटला तरी आग पॅकभर पसरता कामा नये, ही अट मला पटते. पण सेल बाहेरून येतात. पुरवठादार बदलावा लागला की चाचण्या पुन्हा, म्हणजे चांगले पॅक बुडवायचे, जाळायचे. मोठी कंपनी हा खर्च लाखभर गाड्यांवर वाटते. मी दोनशे पॅकवर कसा वाटू? लहान युनिटचं चाचणी शुल्क सरकारने भरावं.

नीता_कोथरूड: नाही पटलं. आम्ही बॅटरी काढून घरात चार्ज करायचो. एका रात्री झाकण फुगलं, हात लावला तर चटका बसला. मेकॅनिकने उघडून दाखवलं: निकेलची पट्टी एका सेलवरून सुटलेली, शेजारचं प्लास्टिक करपून तपकिरी. तापमानाचा सेन्सर एकच, तोही पार दुसऱ्या टोकाला. त्याच खोलीत सासूबाई झोपायच्या. पॅक करणारा लहान की मोठा, मला काय करायचंय?

सुहास_नाशिक: अनुदानाचं कुणी बोलतच नाही. जून 2021 मध्ये फेम-2 चं, म्हणजे ई-गाड्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेचं, अनुदान बॅटरीच्या दर किलोवॅट-अवर क्षमतेला 10 हजारांवरून 15 हजार केलं, मर्यादा गाडीच्या किमतीच्या 40 टक्क्यांवर नेली. जो तो धावत सुटला. जून 2023 मध्ये परत 10 हजार आणि 15 टक्के. दोन वर्षांत धोरण फिरलं तर कारखाना कुणाच्या भरवशावर काढायचा? देशात सेल बनवण्यासाठीची सरकारची 18,100 कोटींची योजनाही बड्यांसाठीच.

भोसरीकर: नीताताई, तुमचं म्हणणं लागलं मनाला. नव्या नियमांनंतर आम्ही सेन्सर वाढवले, सेलमध्ये अंतर सोडलं. पॅक सुधारला, हे कबूल. पण 250 वॅट आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतल्या गाड्यांना आजही नोंदणी लागत नाही. स्वस्तातला माल तिथेच खपतो.

नीता_कोथरूड: मग तिथेही कडक करा. शुल्क सरकारने भरायला माझी हरकत नाही. पण चाचणीला दिलेला पॅक आणि माझ्या घरी आलेला पॅक सारखाच आहे, हे कोण बघणार?

भोसरीकर: उत्पादनातले नमुने तपासायची तरतूद आहे. माझं म्हणणं, नमुना दुकानातून उचला, न सांगता. माझाही.