मदत हवी आहे: ठेकेदाराने ड्रॉइंगपेक्षा लहान बीम ओतलाय, टेकू अजून उभे आहेत

नमस्कार. घाईत लिहितेय. ठेकेदार परवा टेकू काढायला येणार आहे आणि त्याला काय सांगायचं ते माझं ठरत नाहीये.

घर जुनं आहे, तळमजला आणि वर एक मजला. कॉलम नाहीत, सगळा भार विटांच्या भिंतीच घेतात. बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामधली नऊ इंची भिंत काढून 3 मीटरचा मोकळा गाळा करायचा होता. तिच्या बरोबर वर पहिल्या मजल्याची भिंत उभी आहे आणि त्याच खोलीत माझ्या सासूबाई झोपायच्या. म्हणून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ड्रॉइंग करून घेतलं. बीम 230 मिमी रुंद, 300 मिमी उंच. खाली 16 मिमीच्या तीन सळया, सळयांभोवती बांधायच्या रिंगा दर 125 मिमीवर, आणि दोन्ही टोकांना बीम टेकवायला विटांवर काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे बेड ब्लॉक.

प्रत्यक्षात बीमची उंची 230 केली, कारण "ताई, 300 चा केला तर खाली डोक्याला लागेल". सळया 12 मिमीच्या. रिंगा मोजल्या तर 200 वर. बेड ब्लॉक नाहीतच, बीमची टोकं जुन्या विटांवर तशीच टेकवली आहेत. संध्याकाळी घरी आले तेव्हा सळई बांधून झालेली होती. मी टेप लावून फोटो काढले, त्याला पाठवले. "उद्या बोलू" म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी बाहेर असताना काँक्रीट ओतून मोकळा झाला.

आज आठवा दिवस. भिंत तोडताना वरच्या खोलीत कोपऱ्यातून तिरपी बारीक चीर गेली आहे. तिच्या दोन्ही टोकांना मी पेन्सिलने खूण करून तारीख घातली आहे. अजून पुढे सरकलेली नाही. सासूबाईंना दुसऱ्या खोलीत हलवलं आहे.

त्याचं म्हणणं, वीस वर्षं असेच बीम घालतोय, एकही खाली आला नाही, इंजिनिअर कागदावर दुप्पट लिहितातच. वर म्हणतो, शंका असेल तर टेस्ट करून घ्या, काँक्रीट पास होईल. पुढचा हप्ता मागतोय, नाही दिला तर माणसं काढून घेईन म्हणतो.

मला भांडण नको आहे. बीम ड्रॉइंगप्रमाणे हवा आहे, एवढंच. इंजिनिअर गावाला गेलेत, फोनवर म्हणाले की मी येईपर्यंत टेकूला हात लावू देऊ नका. पण टेकू ठेवून धोका टळतो का? टेस्ट केली तर काही कळेल का? आणि हे सगळं त्याला कसं सांगू?

प्रतिसाद 1
मी हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर.

तुमचे इंजिनिअर बरोबर सांगताहेत. टेकू राहू द्या आणि वरच्या खोलीत सामान रचू देऊ नका. वरची 3 मीटर लांब, 3 मीटर उंच नऊ इंची भिंतच चार टनांच्या आसपास भरते. त्यात स्लॅबचा भार वेगळा.

आता आकडे पाहा. 16 च्या तीन सळयांचं क्षेत्रफळ 603 चौरस मिमी, 12 च्या तीन सळयांचं 339. म्हणजे पोलाद जवळजवळ निम्म्यावर आलं. बीमचा ताठपणा उंचीच्या घनावर जातो, त्यामुळे 300 चा 230 केल्यावर तो निम्म्याहूनही कमी उरला. रिंगा विरळ म्हणजे टोकांजवळ तिरपे तडे जायची भीती. "आजवर पडला नाही" हे मोजमाप नव्हे, प्रत्येक घरात बीमवरचा भार वेगळा असतो.

टेस्टच्या भानगडीत पडू नका. हॅमर टेस्ट काँक्रीटचा कठीणपणा सांगते. काँक्रीट पास झालं म्हणून कमी पडलेली सळई आणि उंची परत येत नाही. तुमचे टेप लावलेले फोटो त्या टेस्टहून मोलाचे आहेत, जपून ठेवा.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, रागाच्या भरात बीम फोडायला सांगू नका. आताचे टेकू बीमला धरून आहेत. बीम फुटला की वरची भिंत अधांतरी राहील. आधी वरच्या भिंतीतून आरपार आडवे लोखंडी गर्डर घालून त्यांच्या दोन्ही टोकांना टेकू द्यावे लागतात, आणि टेकूंखाली जमीन पक्की हवी. बीम फोडून नवा ओतायचा की शेजारी लोखंडी बीम बसवायचा, हा निर्णय इंजिनिअरने जागेवर बघून लेखी द्यायचा.

प्रतिसाद 2
आमच्याकडे असंच झालं होतं. नंतर कळलं की गवंड्याने ड्रॉइंग पाहिलंच नव्हतं, ते ठेकेदाराच्या फोनमध्येच होतं. मी त्याची मोठी प्रत काढून भिंतीवर चिकटवली आणि सळया सूतमध्ये लिहिल्या (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). 16 म्हणजे पाच सूत, 12 म्हणजे चार सूत. गवंडी स्वतःहून विचारायला लागला.

ठेकेदाराला तोंडी काही सांगू नका. एका मेसेजमध्ये ड्रॉइंगमध्ये काय होतं, झालं काय, एवढंच लिहा आणि "इंजिनिअरची लेखी परवानगी येईपर्यंत टेकू काढू नयेत, हप्ता त्यानंतर" असं म्हणा. दमदाटी नको, आरोप नको. आणि पुढे प्रत्येक काँक्रीटच्या आधी इंजिनिअरने सळई बघायची, मगच ओतायचं, हे आत्ताच ठरवून घ्या.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. मेसेज पाठवला. तासाभराने उत्तर आलं, "ठीक आहे, टेकू राहू दे, साहेब आले की बघू." आवाज चढवायची वेळ आली नाही.

इंजिनिअर परवा सकाळी येताहेत. आडव्या गर्डरबद्दल फोनवर विचारलं, तर तेही तेच म्हणाले. एक अजून विचारते: बीम फोडावाच लागला तर ब्रेकर मशीनच्या हादऱ्याने वरची चीर वाढेल का, की छिन्नी-हातोड्याने हळूहळू काढायला सांगू?

प्रतिसाद 1
छिन्नीनेच, थोडं थोडं, आणि गर्डरनी भार घेतल्यावरच. त्या चिरेवर प्लास्टरची एक पातळ पट्टी ओढून तारीख घाला. पट्टीला तडा गेला तर काम तिथल्या तिथे थांबवा आणि इंजिनिअरना बोलवा.