मदत हवी आहे: आबांची वारस नोंद, पण नावातच फरक

आमचे आबा (आजोबा) गेल्या महिन्यात गेले. कापूस, तूर, दोन म्हशी आणि आषाढीची वारी, एवढंच त्यांचं जग. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडून लेकरं जगवली. उजव्या हाताची बोटं नंतर कधी नीट सरळ झालीच नाहीत.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत झाली. अडचण पुढं आहे. दाखल्यावर आधारप्रमाणे पूर्ण नाव, सातबाऱ्यावर मात्र घरात हाक मारायचे ते नाव, आडनावाचा पत्ताच नाही. तलाठी म्हणतात, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचा पुरावा द्या. आबांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही, मग टीसी कुठून आणू? १९५४ चं खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद) काढलं, त्यात पणजोबांचं नाव.

प्रतिज्ञापत्रासोबत जुनं रेशन कार्ड, सोसायटीचं कर्जखातं चालतं का? दोघी आत्यांची नावं लावायचीच आहेत (वगळायचा सल्ला भावकीनं फुकट दिलाय, तो नको). आत्या हक्क सोडतो म्हणाल्या, तर आधी वारस फेरफार आणि मग नोंदणीकृत हक्कसोड, हाच क्रम ना? परभणी-हिंगोलीकडं कुणी नुकतंच केलं असेल तर कृपया सांगा.