वादळात पडलेल्या आंब्यांचे बुडखे लहान यंत्राने काढता येतील का?

प्रश्न : ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धनजवळच्या आमच्या वाडीतील जुने आंबे पडले. खोडे कापून नेली, परंतु मीटरभर रुंदीचे बुडखे अजून तसेच आहेत आणि पाखाडी अरुंद असल्यामुळे जेसीबी आत येत नाही. हाताने ढकलायच्या १३ अश्वशक्तीच्या स्टंप ग्राइंडरने (फिरत्या दातेरी चाकाने बुडखा किसून काढणाऱ्या यंत्राने) हे काम होईल का?

उत्तर : होईल, मात्र धीर हवा. आधी चेनसॉने बुडखा शक्य तितका जमिनीलगत कापून घ्या. नंतर चाक मध्यावर न टेकवता कडेकडून आत आणा, दर खेपेस पातळ थरच घ्या आणि इंजिनाचा आवाज जड झाला की चाक उचलून त्याला पुन्हा वेग घेऊ द्या.

उत्तर : त्याआधी पहारीने भोवतालची माती मोकळी करून जांभ्याचे तुकडे वेचून काढावेत, कारण दगडावर घासल्यास कार्बाइडच्या दातांची धार जाते आणि बोथट दात लाकूड कापण्याऐवजी जाळतात. मुळांसकट उलथून तिरका राहिलेला बुडखा असेल, तर त्यावर यंत्र चालवूच नये. तो अचानक खड्ड्यात परत बसू शकतो आणि हा धोका मला सर्वांत गंभीर वाटतो.

उत्तर : निघालेला भुसा खड्ड्यात भरून तिथेच कलम लावू नका, कारण कच्चा भुसा कुजताना मातीतील नत्र ओढून घेतो. तो सुपारीच्या आळ्यात वरवर पसरावा आणि खड्डा माती व शेणखताने भरावा.