जुन्या ४०७ चा वरवरचा गंज: उघड्या पत्र्यापर्यंत घासायचा, की कन्व्हर्टर (गंजाला टिकाऊ थरात बदलणारं रसायन) लावून रंगवायचा?

पत्रा_पुट्टी (धागा)

समजा, १९९० च्या दशकातली टाटा ४०७ आहे, रत्नागिरीकडे बर्फातली मासळी वाहणारी. केबिन शाबूत, पण मडगार्डच्या कडा, पायरी, काचेच्या रबराखालची पट्टी, फाळक्याच्या बिजागऱ्या तांबूस झालेल्या. नखाने खरवडलं की पूड निघते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं तर पत्रा टणक वाजतो. म्हणजे गंज वरवरचा आहे. आवाज बद्द आला किंवा टोक आत गेलं तर हा धागा सोडा, तिथे पत्रा कापून नवा जोडावा लागेल.

आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं. पासिंगची तारीख आली की ठरलेला विधी होतो: वायर ब्रश, कन्व्हर्टरचा एक हात, रेड ऑक्साइड प्रायमर, एनॅमल. गाडी वरातीला निघाल्यासारखी दिसते आणि दिवाळीपर्यंत त्याच जागी फुगे येतात.

माझं मत: केबिनवर कन्व्हर्टर वापरूच नये. त्यातलं फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल गंजाचं फॉस्फेट वा टॅनेट करतं हे खरं, पण ते जिथवर पोचतं तिथवरच. वरचा थर काळा पडतो, खालचा तांबडाच राहतो. ग्राइंडरला लावलेला वायर कप तर सरळ फसवतो. गंज काढण्याऐवजी घोटून चकचकीत करतो, आणि बघणाऱ्याला तो पत्राच वाटतो.

आधी साबणपाणी, मग थिनरच्या फडक्याने ग्रीस काढा. ग्रीसवरच घासलं तर ती ओरखड्यांत बसते. मग नायलॉनची स्ट्रिप डिस्क. फ्लॅप डिस्क नको, ती गंजाबरोबर पत्राही खाते. ८० नंबरच्या पेपरने डाग साफ करून त्यापलीकडे दोन-तीन इंच, चांगल्या रंगापर्यंत जा आणि कडा १८० ने उतरत्या करा. दोन भागांच्या (रंगात हार्डनर मिसळून लावायच्या) इपॉक्सी प्रायमरचा पहिला हात त्याच दिवशी. पुट्टी लागली तर प्रायमरवर, उघड्या पत्र्यावर नाही. पॉलिएस्टर पुट्टी पाणी पिते.

गल्लीतलं_गॅरेज

साफ असहमत. खड्ड्याच्या तळातला गंज कुठलीही डिस्क काढत नाही. निघेपर्यंत घासत बसलात तर मिलिमीटरभर पत्र्याचं उरेल काय? सँडब्लास्टिंग करा म्हणाल, तर दाराच्या सपाट पत्र्याला कणांच्या माऱ्याने लाटा येतात. म्हणजे खड्ड्यांसाठी आम्लाशिवाय गत नाही. दोष औषधाचा नाही, ते लावणाऱ्याचा.

दोन वेगळ्या वस्तूंना लोक एकच नाव देतात, घोळ तिथून सुरू होतो. टॅनिनवाला कन्व्हर्टर वाळवून तसाच ठेवायचा असतो, डब्यावर सांगितलेला वेळ देऊन. नुसतं फॉस्फोरिक आम्ल मात्र धुवायचं असतं. ८५ टक्क्यांचं एक लिटर, आठ लिटर पाण्यात. वजनाने सुमारे १५ टक्क्यांचं द्रावण होतं. आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात नाही. प्लास्टिकची बादली, रबरी हातमोजे, चष्मा. सुटे पापुद्रे आधी खरवडून मग लावा आणि २०-३० मिनिटं वाळू न देता ब्रशने चोळत राहा. नंतर पाण्याने धुऊन लगेच हवेच्या पाइपने जोडांतलं पाणी उडवा. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर हे लावू नका, जस्तच विरघळेल.

आणि चॅसीचं काय करणार? क्रॉस मेंबरच्या (चॅसीच्या आडव्या पट्टीच्या) मागे, स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरजवळ डिस्क जातच नाही.

पत्रा_पुट्टी

चॅसीचं मान्य, तिथे कन्व्हर्टर चालवून घेईन. केबिनवर गोची वेगळी आहे. इपॉक्सीचा हार्डनर अमाइनचा, म्हणजे अल्कधर्मी. पत्र्यावर आम्ल उरलं की ते हार्डनरलाच मारतं. प्रायमर वरून सुकलेला दिसतो आणि तळाशी कच्चा राहतो. ब्लेडने चौकटी आखून चिकटपट्टी दाबा आणि झटक्यात ओढा, सगळे चौकोन पट्टीबरोबर येतील. शिवाय वाळलेलं आम्ल नुसत्या पाण्याने पुरतं जात नाही. ताज्या द्रावणाने पुन्हा ओलं करून मग धुवावं लागतं, आणि ओल्या पत्र्यावर पीएच पट्टी (आम्लता दाखवणारा कागद) लावून ६-७ आलं का ते पाहावं लागतं. किती गॅरेजांत हे होतं?

गल्लीतलं_गॅरेज

होत नाही, कारण कुणी सांगत नाही. पट्टी काही महाग नाही हो, तुमचा इपॉक्सीचा डबा महाग आहे.

खारं_वारं

दोघंही मिठाबद्दल बोलत नाही आहात. मासळीच्या गाडीत बर्फाचं खारं पाणी फाळक्याच्या फटीतून खाली गळतं. खड्ड्यांत क्लोराइड बसलं की रंग कुठलाही मारा, ते रंगातून पाणी आत ओढून घेतं आणि फुगा येतो. आम्ल गंज बदलतं, मीठ हलवत नाही. घासल्याने तर ते आणखी पसरतं. म्हणून गोड्या पाण्याचं प्रेशर वॉशिंग घासण्याआधी आणि घासल्यानंतरही. वाळवून पत्रा रात्रभर ठेवा. सकाळी भरभर सगळीकडे हलकी तांबूस झाक आली तर ती दमट हवेची. खड्ड्यांत ठिपके-ठिपके उठले तर मीठ शिल्लक आहे, पुन्हा धुवा. झाक १८० च्या हलक्या हाताने जाते. हे झाल्यावर प्रायमर. मग तुमचं ‘त्याच दिवशी’ पाळा.

हवामानाचंही बोला. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंग नाही, आणि पत्रा दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा) किमान ३ अंश गरम हवा. पावसाळ्यात किनाऱ्यावर हे जमणं अवघड. मेच्या दुपारीही नको: पत्रा इतका तापतो की रंग टेकण्याआधी थिनर उडतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळचं दव उडाल्यावर दहा ते चार, ही खरी वेळ. पासिंगची तारीख यात बसत नाही, हा आरटीओचा दोष नाही. रंगकाम तारखेला बांधू नका.

एनॅमल_जिंदाबाद

मालवाहू गाडी आहे, प्रदर्शनातली नाही. क्रेट घासून फाळक्याचा रंग वर्षभरात जाणारच. रेड ऑक्साइड आणि एनॅमल ब्रशने, रस्त्याकडेला, कोणीही दुरुस्त करू शकतो. इपॉक्सीवर लोक जो पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारतात त्याला गन लागते, कॉम्प्रेसर लागतो, आणि त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटपुढे कापडी मास्क काही कामाचा नाही, बाहेरून ताजी हवा देणारा मास्क लागतो. तो किती पेंटर घालतात?

जुन्या गाडीवर एनॅमलचे थर असतात. त्यावर किंवा ताज्या रेड ऑक्साइडवर पीयू मारला की त्याचं जहाल थिनर खालचा थर उचलतं आणि सुरकुत्या पडतात. मग सगळं खरवडा. त्यापेक्षा रेड ऑक्साइडचे दोन पातळ हात, झिंक फॉस्फेटवालाच घ्या, क्रोमवाला विषारी. मध्ये एक रात्र, आणि वर एनॅमलचे दोन हात. गाडी नुसत्या रेड ऑक्साइडवर पावसात सोडू नका. तो प्रायमर आहे, रेनकोट नव्हे.

पत्रा_पुट्टी

सुरकुत्यांचं शंभर टक्के खरं. पण इपॉक्सी म्हणजे पीयू आलाच, असं कुठे आहे? इपॉक्सीवर एनॅमल मस्त बसतो. रिकोटची (पुढचा हात मारायची) मुदत उलटली तर ३२० ने मॅट करून घ्या. इपॉक्सी उन्हात पांढुरका पडून खडूसारखा झडतो, म्हणून वर काहीतरी हवंच. खर्चाचा हिशोबही वाटतो तेवढा भयंकर नाही: ५० टक्के घनभागाचा प्रायमर ५० मायक्रॉन सुक्या थराला लिटरमागे १० चौरस मीटर जातो, गनने उडून वाया जाणारा धरला तरी सहा. ठिगळांपुरतं केबिनला एक लिटर पुष्कळ झालं. मिसळल्यावर डब्यावर लिहिलेला वेळ थांबा, मगच गनमध्ये भरा.

वाचक_चालक

चॅसीला जळकं ऑइल आणि डिझेल फासतात, ते कसं? आणि झिंकचा स्प्रे?

खारं_वारं

झिंक स्प्रे गंजावर मारला तर पैसे वाया. जस्ताचे कण लोखंडाला प्रत्यक्ष भिडले तरच लोखंडाऐवजी जस्त झिजतं; मध्ये गंज किंवा प्रायमर असला की तो फक्त राखाडी रंग. जळकं ऑइल गंज काही काळ अडवतं, पण धूळ धरतं, रबरी बुश फुगवतं, ब्रेक लायनिंगवर गेलं तर वेगळंच संकट. त्यात पुढे कधी रंगवायचं ठरलं तर रंग चिकटत नाही. हातालाही ते वाईट. चॅसीच्या पोकळ भागात वॅक्स मारा. पायरी आणि दाराच्या तळाची पाणी जायची भोकं चिखलाने बुजलेली असतात, ती तारेने मोकळी करा. बरीच दारं आतून सडतात ती याच भोकांपायी.

गल्लीतलं_गॅरेज

आणि काचेचं रबर? ते न काढता पट्टीपर्यंत रंग मारला, तर गंज रबराखालून परत येणार, इपॉक्सी असो की कन्व्हर्टर.

पत्रा_पुट्टी

काच उतरवायलाच हवी. दोन माणसं लागतात, आणि रबर कडक झालं असेल तर ते कापून नवं घाला. जुनं वाचवायला गेलात तर काच तडकते.

एनॅमल_जिंदाबाद

म्हणजे काच, रबर, दोघांची मजुरी, इपॉक्सी, पीएच पट्टी. आणि गाडी किती दिवस उभी? मालकाला हे कोण सांगणार, तुम्ही की मी?