सहा पौंड आणि एक टेलिफोन: 'फ्रीलान्स प्रोग्रामर्स' या कंपनीची पहिली वर्षे प्रत्यक्षात कशी चालली?

गोदाकाठ:

नमस्कार. नाशिकमध्ये आम्हा दोघा भागीदारांची आठ जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे आणि आमचे बहुतेक काम पतसंस्था व लहान कारखान्यांसाठी असते. माझ्या आधीच्या नोकरीत माझ्याहून सरस अशा दोन प्रोग्रामर मैत्रिणींनी मूल झाल्यावर काम सोडले आणि त्या पुन्हा परतल्याच नाहीत. अशा स्त्रियांना घरून, अर्धवेळ आणि त्यांच्या सोयीच्या तासांत काम द्यावे, असे माझ्या मनात बरेच दिवस आहे. भागीदाराचे म्हणणे असे की ही कल्पना चांगली असली तरी ते समाजकार्य झाले, धंदा नव्हे.

मी त्यांना स्टेफनी शर्ली यांनी 1962 मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केलेल्या कंपनीचे उदाहरण दिले. त्यावर त्यांनी विचारले, "तेव्हा इंटरनेट नव्हते, घरात संगणक नव्हता, मग त्या बायका घरी बसून नेमके काय करत होत्या?" मला नीट उत्तर देता आले नाही. ते काम रोजच्या रोज कसे चालत असे, ग्राहक विश्वास कशाच्या जोरावर ठेवत आणि 'आधी माणसे, मग बाकीचे' हे तेथे ठरवून स्वीकारलेले धोरण होते की परिस्थितीने सुचवलेली सोय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पंचकार्ड:

भागीदारांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर त्या काळच्या कामाच्या पद्धतीतच दडलेले आहे. मी सत्तरच्या दशकाच्या शेवटी मुंबईत भोके पाडलेल्या कार्डांवर प्रोग्रामिंग शिकलो, त्यामुळे हे थोडे अनुभवानेही सांगू शकतो. त्या काळी प्रोग्रामरला संगणकासमोर बसावेच लागत नसे. उलट संगणकाचा वेळ इतका महाग होता की त्याच्या जवळपास कोणी विनाकारण फिरकू नये, अशीच व्यवस्था असे. फ्लोचार्ट, म्हणजे कामाच्या पायऱ्यांची आकृती, काढायचा, मग छापील कोडिंग शीटवर पेन्सिलीने एकेका चौकोनात एकेक अक्षर लिहायचे, हे सारे काम टेबलावर होत असे, आणि ते टेबल कार्यालयातले असले काय किंवा स्वयंपाकघरातले असले काय, काही फरक पडत नव्हता. शर्ली यांनी नेमके हेच हेरले. त्यांच्याकडच्या स्त्रिया घरी लिहिलेला कोड टपालाने डेटा सेंटरला पाठवत, तेथे तो कागदी पट्टीवर किंवा कार्डांवर पंच होई, म्हणजे भोकांच्या रूपात उमटवला जाई, पडताळणीसाठी पुन्हा एकदा पंच होई आणि मगच संगणकापर्यंत पोहोचे. नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या बाईला तेथे एक प्रश्न हमखास विचारला जात असे: तुमच्याकडे टेलिफोनची सोय आहे का?

थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण त्याशिवाय ही कंपनी उगाच विक्षिप्त वाटते. शर्ली यांचा जन्म 1933 मध्ये जर्मनीतल्या डॉर्टमुंडचा. ज्यू मुलांना नाझी राजवटीतून बाहेर काढणाऱ्या आगगाड्यांपैकी एका गाडीने त्या 1939 मध्ये, वयाच्या पाचव्या वर्षी, नऊ वर्षांच्या बहिणीबरोबर इंग्लंडला आल्या. पुढे लंडनमधल्या डॉलिस हिल येथील पोस्टाच्या संशोधन केंद्रात नोकरी करता करता त्यांनी संध्याकाळच्या वर्गांतून गणिताची पदवी घेतली. बाई म्हणून बढतीच्या वाटेवर येणारे अडथळे त्यांनी भरपूर अनुभवले होते. शेवटी सहा पौंडांच्या भांडवलावर, राहत्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी 'फ्रीलान्स प्रोग्रामर्स' सुरू केली. पुढे पैसा कमी पडला तेव्हा राहत्या घरावर कर्जही काढले.

ग्राहकांच्या विश्वासाबद्दल सांगायचे तर सुरुवातीला तो मुळीच नव्हता. सॉफ्टवेअर यंत्राबरोबर फुकट मिळते, अशीच समजूत तेव्हा होती. आयबीएमने सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी करण्याची घोषणा केली तीसुद्धा 1969 मध्ये, म्हणजे ही कंपनी सुरू होऊन सात वर्षे झाल्यावर. त्यात विकणारी बाई. त्यांनी पाठवलेल्या पत्रांना उत्तरेच येत नव्हती, तेव्हा पतीच्या सुचवण्यावरून त्यांनी 'स्टेफनी'ऐवजी 'स्टीव्ह' अशी सही करायला सुरुवात केली आणि मग भेटीच्या वेळा मिळू लागल्या. फोनवर बोलताना मागून बाळाचे रडणे ऐकू जाऊ नये म्हणून टंकलेखनाच्या खडखडाटाची ध्वनिफीत लावण्याची युक्तीही त्यांचीच.

मात्र नुसत्या युक्त्यांवर धंदा टिकत नाही. माझ्या मते कंपनी टिकली ती दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे त्या काम उक्ते घेत, म्हणजे किती तास लागतील ते आमचे आम्ही पाहू, तुम्ही ठरलेली रक्कम द्या, असा हिशेब. त्या क्षेत्रात असे करणाऱ्यांत त्या अगदी पहिल्यांपैकी होत्या. दुसरी गोष्ट म्हणजे कामाचे लेखी मानक. माणसे विखुरलेली असल्यामुळे शेजारच्या टेबलावर वाकून विचारण्याची सोय नव्हती. साहजिकच काम कसे तोडायचे, कसे लिहायचे, कसे तपासायचे हे सगळे कागदावर उतरवावे लागले, आणि या कंपनीने तयार केलेली मानके पुढे नाटोनेही स्वीकारली. मालगाड्यांची वेळापत्रके, बसगाड्यांचे नियोजन, मालसाठ्याचे नियंत्रण अशी कामे त्यांनी केली. सगळ्यांत गाजलेले काम म्हणजे काँकॉर्ड या स्वनातीत विमानाच्या ब्लॅक बॉक्ससंबंधीचे प्रोग्रामिंग. त्या कामाचे नेतृत्व करणाऱ्या ॲन मॉफट यांचे 1966 च्या सुमाराचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: त्या घरातल्या टेबलाशी कोड लिहीत बसल्या आहेत आणि लहान मूल जवळच आहे. तुमच्या भागीदारांना आधी ते छायाचित्र दाखवा.

तिरकी_रेघ:

'पंचकार्ड' यांची माहिती उत्तम आहे, पण काही गोष्टींना दुसरी बाजूही आहे आणि धागाकर्तीने ती विचारात घ्यावी असे मला वाटते.

एक तर ही अशी पहिली कंपनी होती, असा समज होऊ देऊ नये. ब्रिटनमध्ये दिना सेंट जॉन्स्टन यांनी 1959 मध्येच 'व्हॉन प्रोग्रामिंग सर्व्हिसेस' काढली होती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये एल्सी शट यांनी तर त्याच्याही आधी, स्वतः गरोदर असताना नोकरी सोडावी लागल्यावर, लहान मुले असलेल्या प्रोग्रामर स्त्रियांना घरून काम देणारी 'कॉम्प्युटेशन्स' ही कंपनी उभी केली. यामुळे शर्ली यांचे श्रेय कमी होत नाही. उलट माझा मुद्दा असा की वेगवेगळ्या देशांत, एकमेकींच्या कामाशी संबंध नसलेल्या स्त्रियांना पाच-सहा वर्षांच्या अंतराने हेच सुचले, कारण दोन्हीकडे शिकलेली, कामात तयार झालेली माणसे लग्न किंवा बाळंतपण होताच बाहेर काढली जात होती आणि त्याच वेळी प्रोग्रामर मिळत नव्हते. भागीदारांना 'हा धंदा नव्हे' असे वाटत असेल तर त्यांना हे सांगा: बाजाराने टाकून दिलेला अव्वल माल उचलणे याला व्यापारी माणूस समाजकार्य म्हणत नाही.

दुसरी गोष्ट नावातच आहे: फ्रीलान्स. काम असेल तेव्हा काम, नसेल तेव्हा नाही. लहान मुले असलेल्या बाईला ही लवचीकता हवीच होती, हे मान्य. पण मंदीत तिची झळ आधी कोणाला लागते, हेही पाहिले पाहिजे. पगारी माणूस ठेवला तर रिकामे दिवस कंपनीच्या खात्यावर पडतात, फ्रीलान्स ठेवला तर ते त्या बाईच्या खात्यावर पडतात. तेव्हा 'आधी माणसे' म्हणताना हा रिकाम्या दिवसांचा बोजा कोण उचलणार, हे गोदाकाठ यांनी सुरुवातीलाच ठरवावे. सोय आणि तत्त्व यांतला फरक विचारलात ना, तो मला तरी इथेच सापडतो.

थेम्सतीर:

मी गेली बावीस वर्षे इंग्लंडमध्ये याच क्षेत्रात आहे. वरील आक्षेप योग्य आहे, पण त्याचे अर्धे उत्तर कंपनीच्या पुढच्या इतिहासात मिळते. कंपनीची मालकी काम करणाऱ्यांकडे जावी, असे शर्ली यांच्या मनात होते, आणि पहिला चौथा हिस्सा कर्मचाऱ्यांच्या हाती द्यायलाच अकरा वर्षे लागली, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. म्हणजे हे एका बैठकीत झालेले दान नव्हते. कायदा, कर आणि मूल्यांकन यांच्या कटकटीतून रेटत नेलेले काम होते. कंपनी 1996 मध्ये लंडनच्या शेअर बाजारात आली आणि एकूण सत्तर कर्मचारी या समभागांमुळे लक्षाधीश झाले. इथे लक्षाधीश म्हणजे पौंडांत दशलक्ष, आपल्याकडचे लाख नव्हेत.

एक गंमतही सांगते. पहिल्या तीनशे कर्मचाऱ्यांत पुरुष होते अवघे तीन. पुढे 1975 मध्ये ब्रिटनमध्ये लिंगभेदाला बंदी घालणारा कायदा आला, तो स्त्रियांच्या हितासाठी, आणि त्याच कायद्यामुळे फक्त स्त्रियांना प्राधान्य देण्याचे या कंपनीचे धोरण बेकायदा ठरले. त्यानंतर पुरुषांनाही दार उघडावे लागले. जिच्या म्हणण्यानुसार तिला बँकेत खाते उघडायलाही नवऱ्याची परवानगी लागली होती, त्या बाईवर पुरुषांना समान संधी नाकारू नका असे सांगण्याची वेळ आली!

आणि आपल्याकडचा धागा म्हणून सांगते: हीच कंपनी नावे बदलत पुढे 'झान्सा' झाली, तिची भारतात नोएडा, चेन्नई आणि पुण्यात केंद्रे होती, आणि 2007 मध्ये ती फ्रान्सच्या 'स्टेरिया'ने घेतली. तेव्हा पुण्यातल्या कुणी त्या कंपनीत काम केले असेल तर त्याने इथे अवश्य लिहावे.

गोदाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. काल भागीदारांना हा धागा वाचायला दिला. छायाचित्राचा त्यांच्यावर फारसा परिणाम झाला नाही, पण उक्ते काम आणि लेखी मानके हा भाग त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले की आपल्या कार्यालयात आठ जण एकाच खोलीत बसतात म्हणूनच आपले काहीच लिहिलेले नाही. ते खरे आहे. आमच्या आवर्त ठेवींच्या हप्त्यांचा हिशेब नेमका कसा होतो, हे एकट्या एका मुलाच्या डोक्यात आहे आणि तो रजेवर गेला की आम्ही त्याला फोन करतो.

त्यामुळे असे ठरले आहे की पहिला महिना फक्त लिहिण्यात घालवायचा आणि त्यानंतर आवर्त ठेवींचा भाग माझ्या त्या दोन मैत्रिणींपैकी एकीला घरून करायला द्यायचा. रिकाम्या दिवसांबद्दल 'तिरकी_रेघ' यांनी लिहिले त्यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. दरमहा किमान ठरावीक तासांचे पैसे काम असो वा नसो द्यायचे, असे मी म्हणते आहे, आणि भागीदार तो आकडा निम्म्यावर आणू पाहत आहेत.

पंचकार्ड:

आकड्यावरचा वाद चालू द्या. तोवर एक करा: त्या मुलाने लिहिलेला कागद आधी तुमच्या मैत्रिणीला वाचायला द्या आणि तिला कोणते प्रश्न पडतात ते मोजा. आमच्या वेळी पंच झालेले कार्ड दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घेत, कारण ज्याने चूक केली त्याला ती स्वतःला दिसत नाही. तिला त्या वाचनाच्या तासांचेही पैसे द्या.