ताटावर बसलं की पोटात गोळा येतो? तुमचे अनुभव सांगा

काय खावं, काय टाळावं यावर आपण सगळेच भरपूर बोलतो. पण जेवताना मन कुठे असतं, यावर कुणी बोलत नाही. म्हणून हा धागा. सुरुवात माझ्यापासून करते.

गेल्या वर्षी सलग पाच महिने जेवणाची मला धास्तीच बसली होती. चार घास गेले की छातीखाली दगड ठेवल्यासारखं व्हायचं, ढेकरांवर ढेकर यायचे, संध्याकाळी पोट टम्म. दुर्बिणीची तपासणी केली, सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि विचारलं, "जेवता कशा?" मी खरं ते सांगितलं. सकाळी ओट्याशी उभ्यानं, एका हातानं डबे भरत. दुपारी बँकेत अर्ध लक्ष काउंटरवर. रात्री सगळे एकत्र असतो, त्यामुळे मुलाच्या अभ्यासाचा विषय निघतो तो नेमका पानं वाढल्यावर.

त्यांनी गोळी एकच दिली, तीही थोड्या दिवसांची. बाकी सांगितलं ते असं: बसून जेवा, पहिल्या घासाआधी पोटातून पाच श्वास घ्या, श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्या, आणि अभ्यासाचा वाद जेवणं आटपल्यावर. आता दुपारी डब्याच्या झाकणावर हात ठेवून श्वास मोजते. झाकण कोमट असतं. तिसऱ्या-चौथ्या श्वासाला खांदे आपोआप खाली येतात, आणि तेव्हा कळतं की सकाळपासून ते वर ओढलेले होते. फरक जाणवायला दीड महिना लागला. अजूनही महिनाअखेरीला त्रास होतो, पण जेवणाची भीती गेली.

लहानपणी आजी "वदनी कवळ" म्हणून झाल्याशिवाय भाताला हात लावू द्यायची नाही. तेवढं अर्धं मिनिट पोटाला किती लागतं, हे मला चाळिशीत समजलं.

*पुण्यातून, स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी*

माझं उलटं होतं. खाल्लं की लगेच संडासला पळावं लागायचं, म्हणून मी खाणंच सोडलं. टेस्ट सिरीजच्या दिवशी सकाळपासून फक्त चहा. अभ्यासिकेतल्या मित्रांना सांगायची लाज वाटायची. मेसमध्ये शिरताना पहिली नजर संडास कुठे आहे याकडे.

शेवटी एका डॉक्टरांनी समजावलं, की जठरात अन्न पडलं की मोठ्या आतड्याला हालचालीचा निरोप जातोच, सगळ्यांचाच जातो. ताणात तो निरोप जास्त जोरात पोचतो. मी खाल्लेलं त्याच मिनिटाला बाहेर पडत नव्हतं. आधीचंच पुढे सरकत होतं. हे ऐकून निम्मी भीती गेली. मग परीक्षेच्या दिवशी लवकर उठायला लागलो, साडेसहाला दोन पोळ्या किंवा उपमा, आणि घाई न करता तासभर खोलीवरच. चहा एकच, तोही खाण्यानंतर. मेसमध्ये नोट्स नेणं बंद केलं. हे सगळ्यात अवघड गेलं, कारण वीस मिनिटं वाया जातात असं वाटायचं.

*निवृत्त प्राध्यापक, शरीरक्रियाशास्त्र*

वर "ताणात निरोप जोरात पोचतो" असं आलं आहे, ते बरोबर आहे. भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं. लाळ आटते, जठर मंदावतं, मोठं आतडं मात्र उसळू शकतं. त्यामुळे एकाच कारणानं एकाला जडपणा आणि दुसऱ्याला जुलाब.

वर्गात मी अमेरिकेतल्या ॲलेक्सिस सेंट मार्टिनची गोष्ट सांगायचो. १८२२ मध्ये बंदुकीच्या अपघातानं त्याच्या जठराला पडलेलं भोक कधी बुजलंच नाही. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरनं त्या भोकातून पचनाचे प्रयोग केले आणि १८३३ मध्ये ते छापले. माणूस रागावला की जठराचं काम बिघडतं, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं. पुढे हार्वर्डला वॉल्टर कॅननला क्ष-किरणांखाली मांजराच्या जठराच्या लाटा दिसल्या. मांजर बिथरलं की लाटा थांबायच्या, त्याला कुरवाळलं की पुन्हा सुरू.

हे सगळं शिकवलं, पण कळलं ते पत्नी गेल्यावर. स्वयंपाकाच्या बाई त्याच, पोळ्या त्याच, आमटीही तीच, आणि मला दोन घास पचत नव्हते. एका वैद्यमित्रानं चरकसंहितेतला श्लोक काढून दाखवला. हितकर अन्न, योग्य मात्रेत खाल्लेलं, तेही चिंता, शोक, भय, क्रोध आणि जागरण यांमुळे पचत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. त्यानं काढा दिला नाही. महिनाभर रोज रात्री माझ्याकडे जेवायला आला.

*चार वर्षांच्या मुलीची आई, ठाणे*

आमच्या घरी ताण मुलीच्या ताटावरून. एक एक घास भरवायला तास जायचा, समोर मोबाइल, मागे मी वाटी घेऊन. ती ओकायची, मी रडायचे. बालरोगतज्ज्ञांनी वजन-उंचीचा तक्ता दाखवला, वाढ व्यवस्थित होती. म्हणाले, काय आणि कधी ते तुम्ही ठरवा, किती ते तिला ठरवू दे. पहिले आठ-दहा दिवस तिनं वरणभाताचे चारच घास खाल्ले. सासूबाईंना ते बघवत नव्हतं, आणि मी त्यांना दोष देत नाही. आता ती स्वतःच्या हातानं खाते, सांडते, आणि माझ्या पोटातली जळजळही थांबली आहे.

*मेलबर्नहून*

आयबीएसचं, म्हणजे वारंवार पोट दुखून शौचाचं तंत्र बिघडण्याच्या विकाराचं, निदान झाल्यावर मी कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध सगळं बंद केलं. इथल्याच मोनाश विद्यापीठात या त्रासासाठी तयार झालेला हा आहार. पण तो टप्प्याटप्प्यानं करायचा असतो, दोन ते सहा आठवडे बंद ठेवायचं आणि मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा, हे मी वाचूनही सोडून दिलं. दोन वर्षं बंदच. यादी आखडत भात, गाजर आणि उकडलेल्या अंड्यावर आली. मित्राकडे गणपतीला गेलो की स्वतःचा डबा. पोट दुखायचंच, कारण आता प्रत्येक घासाची भीती होती.

आहारतज्ज्ञ बाईंनी आधी थोडासा गहू आणला, मग दूध. त्या दिवसांत जेवल्यावर पंधरा मिनिटं त्यांनी पोट चाचपायला बंदी केली होती. मी भांडी घासायचो, हात गुंतलेले राहायचे. लसूण अजून सोसत नाही. पण यंदा गणपतीत सगळ्यांच्या पंगतीत बसून अर्धी पुरणपोळी खाल्ली, तूप घालून.

*कोल्हापूर*

एक कळकळीचं सांगणं. माझ्या भावाला वर्षभर "टेन्शन घेतोस म्हणून पोट दुखतं" असंच ऐकावं लागलं. आम्हीही तेच म्हणत होतो. वजन नऊ किलो उतरलं, संध्याकाळी कणकण यायची. निघाला आतड्याचा टीबी. सहा महिन्यांच्या औषधांनी बरा झाला. वजन उतरत असेल, शौचात रक्त असेल, गिळताना अडकत असेल, दुखण्यानं रात्री जाग येत असेल, ताप असेल, तर श्वासबीस नंतर, आधी तपासणी.

*धागाकर्ती*

हे आधीच लिहायला हवं होतं मी. माझ्याही तपासण्या झाल्यावरच बाकीचं सुरू झालं.

*सातारा, वय ६८*

सुनेनं टाइप करून दिलं आहे, बोललेलं माझं आहे. लग्न झालं तेव्हा घरात चौदा माणसं. पुरुषांची पंगत, मुलांची पंगत, मग सासूबाई, मग आम्ही जावा. आमटीत तोवर फोडी उरत नसत. भाकरी चुलीपाशी बसून खायची, आणि कान बाहेर. "पाणी" अशी हाक आली की घास तोंडात ठेवून उठायचं. पाच मिनिटांत जेवण व्हायचं. आंबट पाणी घशाशी यायचं, ते बायकांना होतंच असं समजून चाललो.

सासूबाई गेल्या, घर वेगळं झालं, तरी सवय राहिली. सून आली तेव्हा पहिल्या आठवड्यात तिनं माझं ताट उचलून सगळ्यांच्या मधे ठेवलं. मला घास जाईना. चाळीस वर्षांत ह्यांच्यासमोर बसून जेवले नव्हते. ती काही बोलली नाही, पाण्याचा तांब्या तेवढा मधोमध आणून ठेवला. ज्याला हवं तो घेईल.

पहिले काही दिवस कुणी तांब्याला हात लावला तरी मी अर्धी उठायची. आता नाही उठत.