मदत हवी आहे: 'सँक्शन' म्हणजे मंजुरी की निर्बंध?

धागाकर्ता: बँकेच्या एका पुस्तिकेचा मराठी अनुवाद करतोय. 'सँक्शन लेटर'ला मंजुरीपत्र लिहिलं. पुढे 'सँक्शन्ड एंटिटीशी व्यवहार करू नये' असं आलं. तिथे 'मंजूर संस्था' लिहिलं तर अर्थच उलटतो. नेमकं ओळखायचं कसं?

दुभाषी: कशाला सँक्शन केलंय ते बघा. रक्कम, पद, रजा, आराखडा असेल तर मंजूर. देश, कंपनी, व्यक्ती, जहाज असेल तर बहुतेक वेळा निर्बंध. तुमच्या वाक्यात 'निर्बंध लादलेली संस्था' हवं. बातम्यांतलं अनेकवचनी 'सँक्शन्स' जवळपास नेहमी निर्बंधच. ते लादतात आणि उठवतात. मूळ लॅटिन धातू नियम पवित्र, अनुल्लंघनीय ठरवण्याचा. त्यामुळे नियमाला मिळालेली संमती आणि तो मोडल्याची शिक्षा, दोन्ही एकाच शब्दात आले.

टाचण: कायद्याच्या मजकुरात घाई नको. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, 1988 च्या कलम 19 मधलं सँक्शन म्हणजे लोकसेवकावर खटला चालवायला लागणारी पूर्वमंजुरी. इथे कर्ता-कर्म बघून फसाल, कारण सँक्शन माणसाविरुद्धच असतं, पण अर्थ मंजुरीचाच. उलट 'पीनल सँक्शन' म्हणजे शिक्षेची तरतूद.

धागाकर्ता: 'सँक्शन्ड स्ट्रेंग्थ' राहिलं. 'मंजूर ताकद' हास्यास्पद वाटतंय.

टाचण: मंजूर पदसंख्या. 'आकृतिबंध' हा शब्दही सरकारी कागदात दिसेल, पण तो पदांच्या अख्ख्या रचनेला वापरतात, नुसत्या आकड्याला नाही. भरलेली आणि रिक्त पदं मिळून मंजूर पदसंख्या होते, हे तक्त्यात जुळतंय का बघा.

दुभाषी: कर्जाच्या प्रकरणात 'सँक्शन' आणि 'डिसबर्स' एकच समजू नका. 20 लाख मंजूर, त्यातले 8 लाख वितरित, असं असू शकतं. दोन्हीकडे 'दिलेले कर्ज' लिहिलंत तर आकडे जुळणार नाहीत.

धागाकर्ता: आणि 'अनसँक्शन्ड'?

दुभाषी: बांधकाम असेल तर विनापरवानगी, ओव्हरड्राफ्ट असेल तर मंजुरीविना. देशाबद्दल असेल तर 'निर्बंध नसलेला' असं सुटं लिहा. 'अनिर्बंध देश' लिहाल तर तो मोकाट सुटलाय असं वाटेल.